मे महिन्यात पाणी कोण टाकणार? एका कॉन्व्हेंट शाळेचं प्रकरण

शाळेचं नाव लिहिणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. चोपडा-शिरपूर पट्ट्यातली कॉन्व्हेंट शाळा आहे, एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला तापी, मधे केळी नि कपाशी, एवढं पुरे. मी तिथे विज्ञान शिकवतो आणि नववीचं जलसुरक्षा पण माझ्याच गळ्यात आहे, कारण स्टाफमध्ये तो विषय दुसऱ्या कोणालाच नको असतो. मी ख्रिश्चन नाही, आमची बहुतेक पोरंही नाहीत. बी.एड.ची पोरं इंटर्नशिपला आली की त्यांना ही गोष्ट दरवर्षी तोंडी सांगतो, यंदा म्हटलं एकदाची लिहूनच टाकू.

तर २०२३ चा ५ जून. जागतिक पर्यावरण दिन. आता आपल्याकडे ५ जूनला काय असतं? शाळा उघडायला अजून आठ-दहा दिवस, पारा चाळीसच्या वर, पावसाचा पत्ता नाही. पण दिन म्हणजे दिन. स्काऊटची वीसेक पोरं बोलावली, आम्ही मास्तर लोक आलो, फुकट मिळाली म्हणून दीडशे रोपं आणली होती, त्यात गुलमोहर, कोनोकार्पस आणि तो उंच सरळ अशोक ज्याची सावली त्याच्या स्वतःवरसुद्धा पडत नाही. आप्पांनी (आमचे शिपाई) दोन दिवस आधी टिकावाने खड्डे केले होते, तेही वीतभरच, कारण काळी माती वाळली की दगडाच्या वरताण. लावलं, फोटो काढले, वडापाव खाल्ला, घरी गेलो. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला, खरा पाऊस पडायला पुढे तीन आठवडे गेले.

हे मी कुचकटपणे लिहितोय पण त्या दिवशी मीच सगळ्यात पुढे होतो, फोटोत बघा पाहिजे तर, हातात झारी घेऊन.

मग जानेवारीत प्रिन्सिपल सिस्टर एकदम स्टाफरूममध्ये आल्या नि विचारलं, सर, ती दीडशे झाडं, त्यातली किती जगली? कोणालाच माहीत नाही. एकजण म्हणाला बरीच असतील. सिस्टर मूळच्या केरळच्या, पण महाराष्ट्रात वीसेक वर्षं काढलेली, मराठी हेल काढून बोलतात पण नेमकं बोलतात. म्हणाल्या, बरीच म्हणजे किती ते मोजून सांगा.

मोजायला सातवीचा वर्ग घेतला. पोरांनी वहीत तीन रकाने आखले, जिवंत, मेलं, आणि तिसरा रकाना त्यांनी स्वतःच घातला, शंका. शंकेचं झाड म्हणजे वरून काडी झालेलं, पण एका पोराने (बापाची केळीची शेती आहे) दाखवलं की बुडाशी नखाने जरासं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर सोडून द्या. तासभर सगळी पोरं उकिडवी बसून काड्या खरवडत होती. मी पंधरा वर्षं वनस्पतीची आंतरसाल शिकवतोय, फळ्यावर चित्र काढून, पण ती कोणाच्या नखात शिरलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हिशोब झाला तो असा : जिवंत एकतीस, शंका बारा, बाकी गेली. आणि अजून उन्हाळा यायचाच होता.

स्टाफ मीटिंगमध्ये कारणं निघाली. बकऱ्या, क्रिकेट खेळणारी पोरं, ऊन. सगळी थोडी थोडी खरी. पण आप्पा चहाचे कप उचलता उचलता बोलून गेले, "आठे मे महिनामा पानी कोन टाकी, ते कोनी इचारंच नही." बस, पुढची दीड वर्षं आम्ही या एका वाक्याभोवतीच फिरत राहिलो.

कारण बघा ना, शाळेचं वर्ष आणि झाडाचं वर्ष एकमेकांच्या उलटं आहे. झाडाला माणसाची गरज असते मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा, नेमकी तेव्हा शाळा आधी परीक्षेत नि मग सुट्टीत. पावसाळ्यात पोरं हजर असतात तेव्हा झाडाला कोणाची गरज नसते. आमच्याकडे पाऊस साधारण ६००-७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपतो, मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. काळी माती सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेग पडताना आतली बारीक मुळं तटातट तुटतात. म्हणजे झाड नुसतं तहानेने मरत नाही, जमीन त्याला आतून फाडते. हे पुस्तकात होतं, मी शिकवलंही होतं, पण ५ जूनला खड्डा करताना आठवलं नव्हतं.

आता कॅथलिक शाळेचा यात वेगळा काय संबंध, ते सांगतो, कारण बी.एड.ची पोरं तेच विचारतात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' नावाचं परिपत्रक काढलं, आपल्या सगळ्यांच्या सामायिक घराची काळजी हा त्याचा विषय. त्याचं सहावं प्रकरण अख्खं शिक्षणावर आणि अध्यात्मावर आहे. त्यात प्लास्टिक-कागद कमी वापरा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, खाण्यापुरतंच शिजवा, झाडं लावा, नको ते दिवे बंद करा असल्या अगदी घरगुती गोष्टी आहेत, आपल्या आजीने सांगाव्यात तशा. मग २०२१ मध्ये व्हॅटिकनने सात वर्षांचा एक कृतिकार्यक्रम सुरू केला, त्यात सात उद्दिष्टं, आणि शाळा-कॉलेजं हा त्यातला एक वेगळा गट. आमच्याकडे ते आलं एका फाईलच्या रूपाने. फाईलमध्ये कार्यक्रमांचे रकाने होते, आम्ही ते भरले, वृक्षारोपण झालं, पोस्टर स्पर्धा झाली, शपथ झाली. सरकारी बाजूलाही तेच. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शिकवायलाच पाहिजे असं सांगितलं, त्यामुळे परिसर अभ्यास आहे, जलसुरक्षा आहे, प्रकल्प वही आहे, श्रेणी आहे. म्हणजे वरून दोन्हीकडून सांगून झालेलं होतं. फक्त मे महिन्याचा रकाना कुठल्याच फाईलीत नव्हता.

पण कॉन्व्हेंट शाळेकडे एक गोष्ट असते जी बाकी शाळांकडे नसते, आणि ती माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. सिस्टर लोक आवारातच राहतात. बारा महिने. सुट्टीत शाळेला कुलूप लागतं, कॉन्व्हेंटला लागत नाही. आमच्याकडे तीन सिस्टर, एक वॉचमन, आणि आप्पांचं घर गेटपासून हाकेच्या अंतरावर. पाणी टाकायला माणसं होती, पण त्रेचाळीस झाडांना रोज बादल्या वाहणं या पाच जणांचं काम नव्हे.

पहिली आयडिया माझी, आणि ती फसली. शाळेत पिण्याच्या पाण्याचा मोठा आरओ आहे, एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर फेकतो, ते गटारात जायचं. मी म्हटलं हेच झाडांना सोडू. पाईप जोडला, टाकी ठेवली, लई खूश. महिन्याभरात बुडाशी पांढरी पापडी धरली. नववीच्या पोरांनी टीडीएस मीटर लावला (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पेनासारखा असतो, स्वस्त मिळतो), तर आमच्या बोअरचा आकडाच ५०० च्या वर, आणि आरओने फेकलेल्या पाण्याचा चारअंकी. म्हणजे आम्ही झाडांना खारं पाणी पाजत होतो. मग अदलाबदल केली, आरओचं पाणी संडास आणि फरशी पुसायला, आणि डबा खाऊन पोरं हात धुतात त्या नळांचं पाणी झाडांना. हात धुवायचा साबण तेवढा कमी करायला लावला. माझ्या मते जलसुरक्षेचा तो वर्षातला सगळ्यात चांगला धडा झाला, आणि तो चुकीतून आला, प्रकल्प वहीत मात्र एकाही पोराने चूक लिहिली नाही, सगळ्यांनी थेट बरोबर उत्तर लिहिलं, कारण मार्क त्यालाच मिळतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दुसरी आयडिया माठांची. ही जुनीच पद्धत आहे, झाडाशेजारी माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचं, ते हळूहळू पाझरत मुळांना जातं. खान्देशात घरटी दर उन्हाळ्यात नवा माठ येतो, जुना गच्चीवर पडून असतो, म्हणून मार्चमध्ये पोरांना सांगितलं जुने माठ आणा. दोन दिवसांत साठेक माठ जमले, काही रिक्षातून आले, एक पोरगं डोक्यावर घेऊन आलं. पुरले, भरले. तिसऱ्या दिवशी बघतो तर पाणी तसंच. पाचव्या दिवशीही जवळपास तसंच, वर डास घोंघावतायत. माठ पाझरतच नव्हते!

याचं उत्तर आलं आठवीतल्या एका मुलीच्या आजीकडून. पोरीने घरी सांगितलं तर आजी हसली नि म्हणाली, "जुना माठ पाझरस नही बेटा, त्यानं आंग बंद व्हई जास." अरे हो की! दरवर्षी नवा माठ घ्यावा लागतो तो कशासाठी? आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार माठाच्या भोकांत बसतात, पाणी बाहेर झिरपत नाही, बाष्पीभवन नाही, म्हणून पाणी गार होत नाही. आम्ही नेमके तेच निकामी झालेले माठ गोळा करून ते पाझरण्याची वाट बघत बसलो होतो. उपायही आजीकडेच होता, बुडाला भोक पाड आणि त्यात वात घाल, देवापुढे घालतो तशी पण जाड. भोक पाडताना पाच-सहा माठ फुटले, मग आप्पांनी माठ ओल्या पोत्यावर पालथा ठेवून खिळ्याने हळूहळू टोचायची रीत दाखवली. वातीसाठी जुन्या सुती धोतराच्या चिंध्या, पीळ घट्ट घातला तर पाणी कमी, सैल घातला तर जास्त. तीन पीळ म्हणजे साधारण चार दिवस, असं पोरांनीच माप बसवलं. तोंडावर फुटक्या कौलाचा तुकडा, डास बंद. वरून केळीच्या खोडाच्या चकत्या बुडाभोवती, त्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि आमच्याकडे घड कापला की खोड बांधावर फेकूनच देतात, ट्रॉलीभर फुकट मिळालं. भेगा बऱ्याच कमी पडल्या.

आता चार दिवसांनी एकदा माठ भरायचा, म्हणजे गणित आवाक्यात आलं. पण पाळ्या कशा लावायच्या यावरून स्टाफमध्ये नेहमीचं सुरू झालं, कोणाचं लग्न, कोणाची इलेक्शन ड्युटी. इथेही आप्पाच. आप्पा मूळचे साक्रीकडचे, पांझरेकाठचे, त्यांचे आजोबा फडावर पाटकरी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पांझरा-मोसम-गिरणा या नद्यांवर शेकडो वर्षांपासून गावकऱ्यांनीच चालवलेली फड पद्धत आहे, बंधाऱ्यातून पाट काढायचा, जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटायला गावाने पाटकरी नेमायचा. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, पाटकरी देईल तेव्हा आणि तेवढं. आप्पा म्हणाले झाडांचे फड पाडा. पाडले, चार. प्रत्येक फडाला दोन पाटकरी, गावातच राहणारी पोरं, आणि नियम एकच, दुसऱ्याच्या फडात पाणी टाकायचं नाही, ते सुकताना दिसलं तरी, आधी त्याच्या पाटकऱ्याला बोलवायचं. हा नियम मला आधी क्रूर वाटला होता. पण सगळ्यांनी सगळ्या झाडांना पाणी घालायचं ठरवलं की काय होतं ते दीडशे रोपांच्या वेळी पाहिलंच होतं.

मे महिना पार पडला का? बराचसा. १० मेला आखाजी (अक्षय्य तृतीया) होती. आखाजीला इकडे पोरं सापडतील असं समजणारा माणूस बाहेरचाच, पूर्वजांच्या नावाने घागर भरायची, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके, आमरस-पुरणपोळी. त्या दिवशी चारही फडांवर एकही पाटकरी आला नाही, मी पण माझ्या घरी घागर पुजत होतो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सिस्टरांनीच झग्यावर ॲप्रन बांधून माठ भरले. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिसऱ्या फडातल्या एका झाडाखाली पुरलेल्या माठाशेजारी एक नवी कोरी घागर, वर खरबूज, हळदकुंकू. एका पाटकरी पोराच्या आईने ठेवली होती, सासूबाईंच्या नावाची, म्हणे आमच्या पोराने वाढवलेलं झाड आहे, सावलीत बरी. मला वाटलं आता सिस्टर काय म्हणतात. त्या एवढंच म्हणाल्या की खरबूज माकडं नेतील, आधी मुलांना देऊन टाका. घागर तिथेच राहिली.

यावर विश्वास बसणार नाही पण याच्याच आधीच्या सप्टेंबरात आमच्याकडे पोस्टरवरून वाद झाला होता. चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ असतो, शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, त्यांना १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. तर फ्रान्सिसचं पक्ष्यांसोबतचं चित्र आणि प्रार्थना असलेलं पोस्टर गेटजवळ लागलं, आणि पालकांच्या ग्रुपवर सुरू, आमच्या पोरांना प्रार्थना का शिकवता. सिस्टरांनी पालकांना बोलावून दाखवलं की ते परिपत्रक फक्त कॅथलिकांसाठी नाही, या पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचंय असं त्यात सुरुवातीलाच लिहिलंय. काहींना पटलं, काहींना नाही, शेवटी पोस्टर गेटवरून काढून चॅपलच्या भिंतीवर गेलं. मला वाटतं ते बरोबर झालं, प्रार्थना चॅपलमध्ये, पाणी सगळ्यांचं. सिस्टरांना ते आवडलं नव्हतं, त्यांनी तसं सांगितलंही. (वाद घालणारे पालक आणि घागर ठेवणारी बाई एकाच घरातले असते तर गोष्ट फारच छान झाली असती, पण ते वेगळे.)

त्याच परिपत्रकातली एक गोष्ट मात्र कोणाच्याही धर्मात न अडकता आवारात उतरली. संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग मुद्दाम तसाच सोडायला सांगायचे, रानफुलं नि रानगवत आपोआप वाढावं म्हणून. सिस्टरांनी मागच्या कंपाऊंडजवळचा कोपरा असा सोडला, गवत कापायचं नाही. जुलैत तिथे तरोटा, कुर्डू, केना, घोळ, आघाडा असं काय काय उगवलं. माझ्या लेखी सगळं गवत. होस्टेलवरची पावरा (सातपुड्यातली आदिवासी) पोरं, जी वर्गात इंग्रजीला घाबरून मागच्या बाकावर बसतात, ती एकेक पान तोडून सांगायला लागली याची भाजी होते, हिची कोवळी असतानाच, ही बैलाला देतात. सहावीतला एक पोरगा वीस मिनिटं बोलत होता, त्याचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. साक्री तालुक्यात बारीपाड्याला चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन जंगल राखलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे रानभाज्यांची स्पर्धाच भरते, बाया शिजवून आणतात. आमचं तसलं काही नाही, आमचा एक कोपरा. त्यावरही तक्रार आलीच, साप निघतील. निघाला पण, धामण होती. मग कोपऱ्याला दोरी बांधली आणि बूट घातल्याशिवाय आत जायचं नाही असा बोर्ड लावला.

आणि मग २०२४ चा जून. त्या ५ जूनला 'एक पेड माँ के नाम' सुरू झालं, शाळांना फोटो अपलोड करायचे आले. मॅनेजमेंटकडून निरोप, पाचशे झाडं लावा. सिस्टरांनी कळवलं की चाळीस लावू. का, तर चार फड, प्रत्येकी दहा, यापेक्षा जास्त माठ आमच्याच्याने भरून होणार नाहीत. बरीच पत्रापत्री झाली. आकड्यांच्या बाबतीत वरचे लोक एकसारखेच, सरकारी असोत की चर्चचे. शेवटी चाळीसच लावली, तीही जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर, कडुनिंब, करंज, बहावा, चिंच, शिरीष आणि दोन आपटे. खड्डे गुडघाभर. फोटोत पाचशेसमोर चाळीस फार केविलवाणे दिसतात हे मान्य. जुन्या त्रेचाळीसपैकी तोपर्यंत चौतीस उभी होती, त्यात शंकेतली पाच.

या मे महिन्यात सिस्टरांची बदली झाली. त्यांच्या संघात तसंच असतं, पत्र आलं की बॅग भरायची, कोणी विचारत नाही नि त्याही विचारत नाहीत. जाताना माझ्याकडे झाडांचं रजिस्टर दिलं, प्रत्येक झाडाला एक पान, पाटकऱ्याचं नाव, माठ कधी बदलला, वात कधी. आपट्याच्या पानावर दसऱ्याच्या तारखेला लाल शाईने लिहिलंय, तोडू देऊ नका.

नवीन सिस्टर चांगल्या आहेत, कडक आहेत, हिशोबाच्या पक्क्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागच्या कोपऱ्याला पेव्हर ब्लॉक बसवायचं एस्टिमेट मागवलं, पार्किंगला जागा कमी पडते म्हणून, आणि पडते हे खरंच आहे. मी रजिस्टर घेऊन गेलो. त्यांनी पानं चाळली, शंका हा रकाना काय आहे विचारलं, मी नखाने खरवडायचं सांगितलं. त्या बाहेर आल्या, दुसऱ्या फडातल्या एका करंजाशी वाकल्या आणि खरवडून बघितलं. हिरवं होतं. एस्टिमेट अजून टेबलावरच आहे, पास झालेलं नाही आणि रद्दही नाही. आप्पा परवा विचारत होते, सर, यंदा वातीले धोतर कोना घरनं आनू?